रविवार कारंजाकडचा ऑफसेट प्रेस: प्रचाराचं पत्रक छापायचं असेल तर इथे जा

२०२४ च्या विधानसभेला आम्ही मित्रमंडळी नाशिकमध्ये एका अपक्ष उमेदवाराचं काम करत होतो आणि छपाई सगळी माझ्याकडे होती, त्यामुळे हा रिव्ह्यू लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डवाल्यांच्या फार कामाचा नाही. प्रेसचं नाव टाकू नका असं मालक काकांनीच सांगितलंय, पण रविवार कारंजाच्या आसपास "आधी फॉर्म भरून घेणारा प्रेस" विचारा, कुणीही दाखवेल.

अपक्षांचं कसं असतं बघा, चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. यावेळी माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर, मतदान २० ला, म्हणजे १८ ला संध्याकाळी प्रचार बंद. दिवाळी नुकतीच झालेली, अर्धे कामगार गावाला गेलेले आणि सगळ्या उमेदवारांना पत्रकं कालच हवी असतात. सिडकोकडे एका ठिकाणी आधी चौकशी केली तर तो म्हणाला रेट कमी करतो, खाली प्रेसचं नाव नाही टाकत, आणि कॉपीचा आकडा तुम्ही सांगाल तो बिलावर लिहितो. तिथून आम्ही निघालो.

या काकांकडे गेलो तर पहिला प्रश्न कागदाचा नाही, रंगाचा नाही. "दादा, प्रकाशक कोण? त्याला ओळखणारी दोन माणसं घेऊन या, मग आपण पेपर बघू." प्रकाशक म्हणजे पत्रक छापून घेणारा माणूस, आणि हा नियम आहे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-क मधला. निवडणुकीच्या पत्रकावर किंवा पोस्टरवर दर्शनी भागात मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजेच, आणि प्रकाशकाने सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचं, त्यावर त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. छपाई झाली की घोषणापत्राची एक प्रत आणि छापलेलं पत्रक प्रेसवाल्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं, आपल्याकडे म्हणजे कलेक्टर ऑफिसला. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे हे तीन दिवसांत व्हायला लागतं, सोबत किती कॉपी छापल्या आणि किती पैसे घेतले तेही लिहून द्यावं लागतं. काकांनी आमच्यासमोर तो कागद भरला, आकडा खरा टाकला आणि आम्हाला झेरॉक्स दिली.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि का ते सांगतो. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, हिशोब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा असतो. आता कुणी पन्नास हजार पत्रकं छापून बिलात पाच हजार दाखवली तर पकडणार कशावरून? प्रेसवाल्याने पाठवलेल्या त्या एका कागदावरून. तो कागद खोटा असला तर मर्यादेला काही अर्थच उरत नाही, आणि निनावी बदनामीची पत्रकं जी रात्रीतून सोसायट्यांच्या जिन्यात पडतात ती कुणाच्या पैशाने आली हे मतदाराला कधीच कळत नाही. शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण दोन हजार ही रक्कम आजच्या प्रचारात कुणाला घाबरवणार, ती वाढायलाच हवी.

काकांना बारकावे पण पक्के माहितीयेत. आमच्या एकाला वाटत होतं की घाईत झेरॉक्स काढून वाटल्या तर ही भानगड नाही, तर काका म्हणाले हाताने लिहून काढलेली नक्कल सोडली तर कायद्याच्या लेखी सगळी छपाईच. उलट सभेची फक्त तारीख, वेळ, ठिकाण सांगणारं हँडबिल असेल तर त्याला हा नियम लागत नाही, तेही त्यांनीच सांगितलं, म्हणजे उगाच फॉर्मही भरायला लावत नाहीत. फ्लेक्सवर मात्र ओळ टाकतातच, कारण २०२४ च्या एप्रिलमध्ये आयोगाने होर्डिंगवरही मुद्रक-प्रकाशकाची ओळख हवी असं सांगितलंय. उमेदवाराचा एक हितचिंतक स्वतःच्या खर्चाने पोस्टर करायचं म्हणत होता, त्याला काकांनी आधी उमेदवाराचं लेखी पत्र आणायला लावलं. उमेदवाराच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १७६, आणि परवानगी दिली की तो खर्च उमेदवाराच्या खात्यात.

मोबाईलसाठीच्या जाहिराती त्यांचा मुलगा वरच्या मजल्यावर बनवतो. तोही बापासारखाच. व्हिडिओ करून देतो पण एमसीएमसीचं, म्हणजे जाहिरात तपासणाऱ्या समितीचं प्रमाणपत्र आल्याशिवाय बूस्ट करत नाही, म्हणजे पैसे भरून पुढे पसरवत नाही. टीव्ही, रेडिओ, सोशल मीडिया, बल्क एसएमएस सगळ्याला ते आधी घ्यावं लागतं, मान्यताप्राप्त पक्ष आणि उमेदवारांनी किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित ट्रान्सक्रिप्ट. ते ट्रान्सक्रिप्ट तो स्वतः टाईप करून देतो, वेगळे पैसे न घेता. फेसबुकवर जाहिरातीवर पैसे कुणी भरले ती ओळ येते आणि अशी जाहिरात अ‍ॅड लायब्ररीत सात वर्षं राहते, कुणीही उघडून बघू शकतं, हे त्याने आमच्या उमेदवाराला बसवून दाखवलं. तिथे एखाद्या पेजचं नाव न टाकता सरळ उमेदवाराचं नाव टाकायचं त्याने सुचवलं आणि ते आम्हाला पटलं.

छपाईबद्दल. मल्टिकलर चांगली, फोटोतले चेहरे लाल पडले नाहीत, कटिंग सरळ. श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं तुटतात ती प्रूफला नीट तपासून दिली. रेट सिडकोवाल्यापेक्षा थोडा जास्त आहे आणि घाई केली तरी प्रूफवर सही घेतल्याशिवाय प्लेट काढत नाहीत, त्यात आमची एक संध्याकाळ गेली. एक तक्रार आहे, मुद्रक-प्रकाशकाची ओळ पहिल्या प्रूफमध्ये अगदी मुंगीएवढ्या अक्षरात होती. कायद्यात अक्षराचा आकार दिलेला नाही हे खरं, पण म्हाताऱ्या माणसाला चष्मा लावून वाचता आली पाहिजे ना. सांगितल्यावर मोठी केली, लगेच आणि कुरकुर न करता. पुढच्या वेळी मुळातच मोठी ठेवा काका, एवढं म्हणणं आहे.

जाणार असाल तर प्रकाशकाचा पत्त्याचा पुरावा, दोन ओळखीची माणसं आणि उमेदवाराचं पत्र बरोबर न्या. गाडी लांब लावा, गल्लीत जागा नसते. चिन्ह सोडून बाकी डिझाईन आधीच करून ठेवायला सांगा, ते ठेवतात.