संकरित की सरळ? घरचं बी धरणाऱ्यांसाठी

कोणत्या पिशवीतून जास्त उतारा येईल, हे दुकानदार सांगतोच. पण आलेल्या पिकातलंच बी पुढच्या वर्षी पेरता येईल का, याचं उत्तर त्या झाडाच्या जनुकांत आणि फुलात असतं.

संकरित बियाणं म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी, एफ-१. प्रत्येक झाडाला आई-बापाकडून तोच जनुकसंच मिळतो, म्हणून शेत एकसारखं दिसतं आणि जोमही जास्त असतो. याचं बी धरलं की पुढच्या पिढीत जनुकांच्या जोड्या फुटतात. एका गुणाचं प्रमाण आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यासारखं ३:१ (तीन झाडांत प्रबळ रूप, एकात दबलेलं), दोन स्वतंत्र गुणांचं ९:३:३:१. एफ-१ मधल्या विषम जोड्या (आई-बापाकडून वेगवेगळी जनुकं आलेल्या) स्वपरागीभवनाने दर पिढीला निम्म्या होतात. जोम ओसरतो तो त्यामुळे. रोगप्रतिकारक प्रबळ जनुक एकाच पालकाकडून आलं असेल, तर साधारण चौथाई झाडांत ते नसतंच. टोमॅटोच्या संकरित फळातलं बी लावल्यावर ‘बियाणं फसवं निघालं’ अशी ओरड होते, पण ती फसवणूक नव्हे, वाटणीच तशी असते.

सरळ वाणाचं तसं नाही. सोयाबीन, हरभरा, गहू यांच्या फुलात परागीभवन बहुतेक आतल्या आतच उरकतं, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. घात होतो तो मळणीत आणि साठवणीत. सोयाबीनचं साल पातळ, अंकुर त्याच्या लगेच खाली. पोतं आपटलं की बी वरून धडधाकट दिसतं, पण उगवत नाही. ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवा आणि मळणीयंत्र दुसऱ्या वाणानंतर झाडून घ्या. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याने मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरे. ६० उगवले तर ३० × ७० ÷ ६०, म्हणजे ३५ किलो. त्याहून बरंच कमी असेल तर ते बी पेरू नका.

तूर या बाबतीत मधली. वाण सरळ असला तरी मधमाश्या शेजारचा पराग आणतात. बी शेताच्या मधोमध असलेल्या झाडांचं धरा, बांधाकडचं नको. मक्यात पराग वाऱ्यावर येतो. तिथे सरळ वाणाचं बी धरताना एकाच सुंदर कणसावर भाळू नका, अनेक झाडांची कणसं मिसळा. नाहीतर जवळच्या नात्यातलं प्रजनन होऊन पीक खुरटतं.

थोडक्यात, सोयाबीन-हरभऱ्यात दर वर्षी नवी पिशवी घ्यायची गरज नाही. तीनेक वर्षांनी बदलली की झालं. पाणी-खत भरपूर असलेल्या मक्यात मात्र संकरितच परवडतं, दर हंगामाच्या खर्चासकट.

कायद्याची धास्ती नको. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार संरक्षित वाणाचंही घरचं बी ठेवता, पेरता, शेजाऱ्याला देता आणि विकताही येतं. फक्त ब्रँडच्या नावाने पिशवीत भरून विकता येत नाही.