चन्याचं रायझोबियम लिक्विड कल्चर: दोन रब्बी वापरल्यावर

नागपूरच्या कॉटन मार्केटकडच्या एका कृषी केंद्रातून मागच्या दोन्ही रब्बीत चन्यासाठी ही बाटली घेतली, २५० मिलीची, अन् यंदाही हीच घेणार आहे. कल्चर म्हणजे बियाण्याला लावायचे जिवंत जिवाणू, ते मुळावर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देतात. आमच्या काटोलकडे अजूनही लोक म्हणतात की कल्चर-बिल्चर म्हणजे पैसे पाण्यात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

काम होते भाऊ, फक्त कल्चर जिवंत पाहिजे अन् चन्याचंच पाहिजे. त्याआधी दुसऱ्या एका दुकानातून पावडरचं पाकीट आणलं होतं, काचेजवळ उन्हात पडलेलं, वर नुसतं 'कडधान्यासाठी' लिहिलेलं, तारीख वाचता येत नव्हती. त्या साली झाडं उपटून पाहिली तर मुळाला चार-दोन गाठी, त्याही आतून पांढऱ्या. नियमानं पावडरच्या १ ग्रॅममध्ये कमीत कमी ५ कोटी अन् लिक्विडच्या १ मिलीत १० कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत, उन्हात तापलेल्या पाकिटात ते कुठून टिकणार. फार वाईट वाटलं होतं, कारण हंगाम गेला की गेला, तो कोणी परत देत नाही.

या बाटलीवर पीक, मेसोरायझोबियम हे चन्याच्या रायझोबियम जिवाणूचं नाव, बनवल्याची अन् मुदतीची तारीख, सगळं साफ छापलेलं आहे. दुकानातल्या काकांनी मागच्या गार खोलीतून काढून दिली अन् आधी विचारलं, "बुरशीनाशक लावता का जी? मग ते पहिले लावा, सुकू द्या, हे सगळ्यात शेवटी, सावलीत, अन् त्याच दिवशी पेरा." असं विचारणारा दुकानदार मिळणं मोठी गोष्ट आहे.

पिकाचं नाव एवढं का पाहायचं ते मला बहिणीच्या पोरीनं समजावलं, ती एमएस्सी करून राहिली. मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाचं रसायन सोडते, ते ओळखून जिवाणू उलटा निरोप धाडतो, त्याला नॉड फॅक्टर म्हणतात, साखरेच्या चार-पाच कड्यांची साखळी अन् एका टोकाला तेलकट शेपटी. लसूणघासाच्या जिवाणूपासून मिळालेल्या या निरोपाची रचना १९९० मध्ये उलगडली. या साखळीवरचे बारीकसारीक फरक जिवाणूप्रमाणे बदलतात, म्हणून सोयाबीनचं ब्रॅडीरायझोबियम चन्याला लावून भागत नाही.

पण खरं नवल पुढं आहे. निरोप पोचला की मुळावरचा बारीक केस वळतो, जिवाणूला कवेत घेतो, आत जायला वाट करून देतो, अन् तेच मूळ एक एन्झाइम काढून तो निरोप मधूनच कापून टाकते. निरोप जेवढा येईल तेवढी ही कापणी वाढते. लसूणघासाच्या जवळच्या मेडिकागो ट्रंकाट्युला नावाच्या झाडात असं एन्झाइम २०१३ मध्ये ओळखलं गेलं, अन् ज्या झाडात त्याचा जीन बिघडवला तिथं केसाचं टोक फुगलं, जिवाणू आत शिरायला उशीर झाला अन् नंतर गाठी बेढब वाढल्या. म्हणजे निरोप ऐकणं जेवढं गरजेचं तेवढंच तो वेळेवर थांबवणंही. प्रयोग मेडिकागोवरचा आहे, चना तिच्या नात्यातला. शिवाय किती गाठी धरायच्या हेही झाड स्वतःच आवरते, म्हणून हे ऐकल्यापासून मी डबल डोस लावणं सोडलं, लेबलवर आहे तेवढंच लावतो.

चाळीसेक दिवसांनी वावरातून दोन झाडं खुरप्यानं मातीसकट काढली, बादलीत हळू हलवून धुतली. सोयाबीनच्या गाठी गोल असतात, चन्याच्या बोटं फुटल्यासारख्या, मुख्य मुळाला वरच्या अंगाला घोसानं लागलेल्या होत्या. नखानं एक चिरली तर आतून लालसर गुलाबी, रक्तासारखा रंग बोटाला लागला. तो रंग असला म्हणजे गाठ नत्र धरून राहिली. आई धुऱ्यावरून पाहत होती, तिलाही एक चिरून दाखवली.

तक्रार दोन. मापाचं झाकण नाही, त्यामुळे अंदाजानं ओतावं लागते, अन् मराठी सूचना इतक्या बारीक टाइपात की आईला वाचताच येत नाहीत. लहान बाटलीही मिळाली पाहिजे, एक-दीड एकरवाल्यानं एवढं घेऊन काय करायचं, उरलेलं पुढच्या सालापर्यंत भरवशाचं राहत नाही.

घ्यायला जाल तर सकाळी जा, गर्दी नसते, अन् बाटली गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, काटोलला पोचेपर्यंत तापते. मी ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत नेतो.