पिकअपला इनटेक किट लावला, वापरला आणि शेवटी काढला

माझ्या डिझेल पिकअपला आत्तापर्यंत तीन प्रकारचे एअर फिल्टर लावून झालेत. गाडीसोबत आलेला कागदी, मग अख्खा इनटेक किट (इंजिनला हवा नेणारा पाईप आणि त्याच्या टोकाला बॉक्सशिवायचा, उघडा, कोनाच्या आकाराचा तेल लावलेला कॉटन फिल्टर), आणि आता गाडीच्या ओरिजिनल फिल्टर बॉक्समध्येच बसणारा सुका (तेल न लावायचा) सिंथेटिक. हा शेवटचा ठेवलाय, तो का ते सविस्तर लिहितो, कारण किट घ्यायच्या आधी मला हे कोणी नीट सांगितलं नव्हतं.

आधी किटबद्दल. लावल्या लावल्या जाणवतो तो आवाज, टर्बोची (इंजिनमध्ये हवा दाबून भरणारा पंखा) शिट्टी, ॲक्सलरेटर सोडला की येणारा सुस्कारा, सगळं केबिनमध्ये ऐकू येतं आणि मला ते मनापासून आवडलं होतं, सुरुवातीचे दिवस गाडी जास्त जोरात उचलते असंच वाटायचं. पण त्याच चढावर तेवढंच सामान भरून बघितलं तर फरक काही दिसेना. गर्दीत हळूहळू सरकताना तर गाडी उलट जड वाटायची. उघडा कोन बोनेटखालची इंजिनची गरम हवाच ओढतो ना! हवा साधारण ३ अंश सेल्सिअसने तापली की तिची घनता १ टक्क्याने कमी होते, म्हणजे बाहेरच्यापेक्षा ३० अंश जास्त तापलेली हवा आत गेली तर सुमारे १० टक्के, आणि ती भरपाई टर्बोला जास्त दाबून करावी लागते. ओरिजिनल बॉक्स बहुतेक गाड्यांत मडगार्डच्या किंवा ग्रिलच्या बाजूने बाहेरची हवा घेतो, तो आधीपासूनच बऱ्यापैकी थंड हवेचा इनटेक असतो. किटच घ्यायचा असेल तर झाकण असलेला बंद बॉक्सवाला बघा, उघडा कोन नको.

दुसरा त्रास सेन्सरचा. हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरमध्ये बारीक तापलेली तार असते, हवेने ती किती गार होते त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, किती हवा आत आली याचा हिशोब करतो. सेन्सर जिथे बसतो तिथे पाईपचा व्यास बदलला की तो हिशोबच चुकतो. माझ्या किटमध्ये हेच झालं, चेक इंजिनची लाईट यायला लागली. त्यात फिल्टर धुवून मी तेल जरा जास्त मारलं, ते उडून तारेवर बसलं, त्याला धूळ चिकटली. सेन्सर क्लिनरच्या स्प्रेने साफ झालं, पण तारेला कापूस किंवा ब्रश अजिबात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, धूळ. खडीच्या रस्त्यावर महिनाभर चालवल्यावर फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा पाईप खोलला आणि आतून पांढरा कपडा फिरवला, तर त्यावर तपकिरी पावडर. क्लॅम्पपाशी रबर नीट बसलं नव्हतं, आणि फिल्टर कितीही भारी असला तरी कडेने वाट मिळाली की धूळ तिथूनच जाते. २.८ लिटरचं इंजिन ३४०० आरपीएमला टर्बोशिवाय धरलं तरी मिनिटाला पावणेपाच हजार लिटर हवा ओढतं, टर्बोने १ बार जास्तीचा दाब (बूस्ट) दिला की जवळपास दुप्पट. त्या धुळीतला सिलिका लोखंडापेक्षा कडक असतो, रिंगा, सिलिंडर आणि टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवतो. म्हणून पॅकिंगवर हॉर्सपॉवर काय लिहिलंय ते सोडा, आयएसओ ५०११ टेस्टचा, म्हणजे फिल्टर किती टक्के धूळ अडवतो त्याचा, आकडा शोधा. ९८ आणि ९९.५ टक्के ऐकायला सारखेच वाटतात, पण पहिला फिल्टर १०० ग्रॅममधली २ ग्रॅम धूळ आत सोडतो, दुसरा अर्धा ग्रॅम. चौपट फरक! आणि तुलना करताना दोन्ही आकडे एकाच प्रकारच्या टेस्ट धुळीवरचे आहेत ना ते बघा, जाड धुळीवर आकडा नेहमी चांगला येतो.

ब्रँडचं म्हणाल तर के अँड एन १९६९ पासूनची, तेलाच्या कॉटन फिल्टरसाठी सगळ्यांना माहीत असलेली. एएफईकडे तेलाचा प्रो ५आर आणि सुका प्रो ड्राय एस असे दोन्ही मिळतात, एस अँड बीच्या किटमध्येही तेलाचा की सुका ते निवडता येतं. धुळीत फिरणाऱ्याने माझ्या मते सुकाच घ्यावा, तेलाचं प्रमाण सांभाळायची कटकट नाही. माझा आत्ताचा सुका फिल्टर बॉक्समध्ये घट्ट बसतो, कपडा फिरवला तर स्वच्छ निघतो, लाईट परत आलेली नाही. आवाज गेला, त्याची थोडी चुटपुट आहे.

खरं तर काहीही विकत घेण्याआधी रिस्ट्रिक्शन गेज लावून बघा, काही डिझेल ट्रकना तो फॅक्टरीतूनच येतो. फिल्टर हवेला किती अडवतोय ते तो पाण्याच्या इंचात दाखवतो, बऱ्याच डिझेलना बदलायची मर्यादा २० ते २५ इंचांच्या आसपास असते (आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा). माझ्या ओरिजिनल बॉक्समध्ये नवा फिल्टर टाकून फुल लोडला काटा जेमतेम हलला, मग किट मोकळं करणार तरी काय होता? इंजेक्टर, टर्बो बदलून ट्यूनिंग केलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना मोठा इनटेक खरंच लागतो.

आणि फिल्टर मळका दिसला म्हणून दर आठवड्याला काढून झटकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका, घडीला बारीक भोक पडलं तर डोळ्याला दिसतही नाही. थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा जास्त चांगला गाळतो. मी आता गेजचा काटा वर सरकल्याशिवाय बॉक्स उघडतच नाही.