जुनी ऑटोमॅटिक गाडी आणि पिवळा दिवा: घरचा स्कॅनर घ्यावा की गॅरेजमध्ये स्कॅन करावं?

दहा-बारा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी झटके द्यायला लागली आणि त्यात चेक इंजिनचा दिवा लागला, की पोटात गोळा येतो. गिअरबॉक्स उघडायचा खर्च जुन्या गाडीला परवडत नाही. म्हणून उघडण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते कळायला हवं.

ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर स्वस्तात मिळतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि मोबाइलवर कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या दोषांचे क्रमांक, वाचायचे. भारतात ओबीडी-टू (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची व्यवस्था) एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत तो सहसा चालतो. त्याआधीच्या गाडीत लावून बघूनच कळतं. इंजिनच्या तक्रारींसाठी तो फार कामाचा आहे. मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं), ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), यांचे कोड तो नीट दाखवतो.

गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा तो पी०७०० वर येऊन थांबतो. या कोडचा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने दोष नोंदवला आहे. खरा कोड त्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि तिथवर स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा पोचत नाही. नुसत्या पी०७०० वरून कोणी ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका.

गॅरेजचा मोठा स्कॅनर तो आतला कोड वाचतो. पी०७१५ असेल तर इनपुट शाफ्टचा (इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचा) स्पीड सेन्सर किंवा त्याची वायरिंग आधी तपासायची. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर बाहेरूनच बदलता येतो. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. तिथे तेल कमी आहे का, क्लच घसरतात का, हे बघावं लागतं. शिवाय चालत्या गाडीत तेलाचं तापमान आणि शाफ्टचा वेग दिसतो, आणि माझ्या मते स्कॅनिंगचे पैसे यासाठीच द्यायचे असतात. मेकॅनिकला सोबत घेऊन, झटका येतो त्याच रस्त्यावर, गाडी गरम झाल्यावर चक्कर मारा.

एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल गाडीवाल्यांनी तर घरच्या स्कॅनरच्या भानगडीत पडूच नये. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या या प्रकारात आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं अ‍ॅक्च्युएटर (ती हालचाल करणारं यंत्र) करतो. तक्रार बहुधा क्लच झिजल्याची किंवा अ‍ॅक्च्युएटरची निघते आणि नवा क्लच बसवल्यावर मोठ्या स्कॅनरनेच सेटिंग करावं लागतं.

स्कॅन घरी करा की गॅरेजमध्ये, त्याआधी बॅटरी तपासा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत. बॅटरी कमकुवत असली की नसलेले दोषही दिसायला लागतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या) गाडीला डिपस्टिक (तेल बघायची पट्टी) असेल तर तेलही बघा: काळपट आणि जळका वास येणारं तेल असेल तर स्कॅनिंग लांबवू नका.

दिवा लुकलुकत असेल किंवा गाडी एकाच गिअरला अडकली असेल, तर थेट गॅरेज गाठा. दिवा स्थिर आहे आणि गाडी नीट चालते, तर घरचा स्कॅनर आधी लावायला हरकत नाही. फक्त मोबाइलवरून कोड पुसू नका. दोष आला तेव्हाचा वेग, आरपीएम, तापमान यांची नोंदही त्याबरोबर जाते आणि मेकॅनिकला तीच हवी असते. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि गॅरेजमध्ये गेल्यावर आधी तो दाखवा.