टेक्सास आणि कॅलिफोर्निया: बंदुकीकडे पाहण्याच्या दोन नजरा

टेक्सासच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यावर, बंदूक म्हणजे घरातल्या कुऱ्हाडीसारखी. शेरिफची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, गाडी पोचायला वेळ लागतो, रानडुकरं पीक तुडवतात, आणि बाप मुलाला शिकारीला नेतो तेव्हा वारसाच सोपवत असतो. 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही.

कॅलिफोर्नियात खरेदीनंतर 10 दिवस थांबावं लागतं. 1989 मध्ये स्टॉकटनच्या शाळेत 5 मुलं मारली गेली. त्याच वर्षी लष्करी धाटणीच्या रायफलींवर निर्बंध आले.

रँचवाल्याची गरज मला पटते. पण 2022 मध्ये टेक्सासच्याच युवाल्डीत नुकतंच 18 पूर्ण झालेल्या मुलाने कायदेशीर रायफल घेतली आणि 10 दिवस उलटायच्या आत शाळेत त्याच्या गोळ्यांनी 19 मुलं, 2 शिक्षिका गेल्या. म्हणून मी कॅलिफोर्नियाच्या बाजूने.