जनरेटरसोबत फुकट मिळालेली वायर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या वाडीतले विजेचे खांब आडवे झाले. विहिरीत पाणी होतं, पण पंप बंद, आणि आईला रहाट ओढणं झेपत नव्हतं. त्या घाईत मी फसलो.

तालुक्याच्या गावी एकजण टेम्पोतून जनरेटर विकत होता. ‘‘काका, तीन केव्हीए आहे, एक एचपीचा पंप आरामात ओढेल.’’ केव्हीए म्हणजे जनरेटर किती वीज देऊ शकतो त्याचं माप. त्याने चोक लावला, दोरी खेचली, दुसऱ्या झटक्यात मशीन सुरू. शंभर वॉटचा बल्ब लखलखीत पेटवून दाखवला. मी २२ हजार रोख मोजले. पावती साध्या कागदावर, ना शिक्का ना जीएसटी नंबर. मशीन मी एकट्याने उचलून रिक्षात ठेवलं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

घरी दिवे, पंखा चालले. पंप लावला तर इंजिन घरघरून बसायला लागलं, बल्ब पिवळा पडला आणि मोटार नुसती हूं हूं करत राहिली. तिसऱ्या वेळी जळका वास आला. मोटार रिवाइंडिंगवाल्याने ‘३ केव्हीए’चा स्टिकर नखाने उचकटला, तर खाली ९५० छापलेलं, म्हणजे एक केव्हीएसुद्धा नाही. इंजिन ६३ सीसीचं, टू-स्ट्रोक; म्हणून तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला सांगितलं होतं. तीन केव्हीएच्या मशीनला साधारण २०० सीसीचं इंजिन लागतं आणि वजन चाळीस किलोच्या आसपास भरतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण सुरू होताना मोटार त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. कॉइलची तारही पातीने खरवडली तर पांढरी निघाली. तांबं नव्हतंच, ॲल्युमिनियम.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण मला आजही संताप येतो तो त्या विकणाऱ्याने फुकट दिलेल्या वायरचा. दोन्ही टोकांना पिन! ‘‘एक जनरेटरला, एक घरातल्या कुठल्याही सॉकेटला, सगळं घर उजळेल.’’ मी तसंच केलं होतं. खांब उभे करायला आलेल्या वायरमनने ती पाहिली आणि धावत येऊन मशीन बंद केलं. मेन स्विच चालू असेल तर ही वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन निघते, हे त्याने समजावलं. त्याच लाइनवर त्याचे सोबती चढले होते. चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी लाइनची किंवा जनरेटरची, एकच वीज जोडणारा) बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा नसतो.

‘‘पावसात भिजेल, पडवीत ठेवा,’’ हाही सल्ला त्या विकणाऱ्याचाच. दोन रात्री बाबांचं डोकं दुखत होतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. मशीन बाहेर मोकळ्यावर, दारं-खिडक्यांपासून लांबच हवं.

विकत घ्यायला जाल तेव्हा घरातली हजार वॉटची इस्त्री सोबत न्या, जमल्यास दोन, आणि दहा मिनिटं चालवून बघा. बल्बवर विश्वास ठेवू नका. इंजिनावर कोरलेला सीसीचा आकडा स्वतः वाचा. पक्कं बिल घ्या. ते नसल्यामुळे मला त्या माणसाविरुद्ध काहीच सिद्ध करता आलं नाही. त्याचा फोन तर आठवड्यातच बंद झाला. बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर कुणाच्या घरी असेल, तर आजच तिचं एक टोक कापून टाका.