मार्चमध्ये "जुनं बिल कॅन्सल करून नवीन द्या" असा फोन आला तर आधी हे वाचा

भोसरीत आमचं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे, इलेक्ट्रिकल पॅनलचे बॉक्स बनवतो, बेंडिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग सगळं करून देतो. चाकणच्या एका पार्टीला (केस चालू आहे म्हणून नाव घेत नाही) डिसेंबर २०२३ मध्ये जीएसटी धरून ४ लाख ८० हजारांचा माल दिला. पीओवर (म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर) ९० दिवसांची उधारी. आता ९० लिहा नाहीतर १८० लिहा, एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा २००६ पासून आहे आणि त्यात सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असं स्पष्ट आहे, लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवसांत. पार्टीला हे चांगलं माहीत असतं, आपल्याला माहीत नसेल या भरवशावर सगळा कारभार चालतो.

फेब्रुवारीपर्यंत पर्चेसवाले साहेब फोन उचलत नव्हते, उचलला की "चेक सहीला गेलाय". आपण मात्र पैसे न मिळताच त्या बिलाचा १८ टक्के जीएसटी सरकारला भरून मोकळे.

आणि मार्च लागल्यावर साहेबांचा स्वतःहून फोन. "दादा, ते जुनं बिल क्रेडिट नोट मारून कॅन्सल करा, एप्रिलच्या तारखेचं नवीन द्या, आठवड्यात आरटीजीएस करतो." क्रेडिट नोट म्हणजे आपणच दिलेल्या बिलाची रक्कम कमी किंवा रद्द करणारा कागद. एवढं प्रेम का तर इन्कम टॅक्सचं कलम ४३बी(एच) त्याच वर्षी पहिल्यांदा लागू झालं होतं. मुदत उलटून गेलेलं लघुउद्योगाचं बिल ३१ मार्चला थकीत दिसलं तर त्या वर्षी तो खर्च धरत नाहीत, त्यावर टॅक्स बसतो. म्हणजे त्यांना आमचे पैसे द्यायचे नव्हते, फक्त बिल वहीतून गायब करायचं होतं. त्या महिन्यात एमआयडीसीत कित्येकांना असे फोन आले, काहींना तर उद्यम रजिस्ट्रेशनच (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) रद्द करा म्हणाले.

खरी गोम पुढे आहे. क्रेडिट नोटवर कारण काय टाकायचं तेपण त्यांच्या अकाउंटवाल्याने व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवलं, "मटेरियल रिटर्न". सिस्टिम दुसरं कारण घेत नाही म्हणे. आम्ही तशी नोट दिली, एप्रिलमध्ये नवीन बिल दिलं, आणि जूनमध्ये ईमेल आला की तुमच्या जुन्या बिलाचा माल परत गेलेला आहे, क्रेडिट नोट सोबत जोडली आहे, आणि नवीन बिलाचा माल आमच्या गेटवर आलाच नाही, जीआरएन (माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद) नाही, सबब देणं शून्य. आमचे बॉक्स तोवर वायरिंग होऊन त्यांच्या गिऱ्हाईकाकडे लागलेसुद्धा!

वाचवलं कशाने तर डिसेंबरच्या डिलिव्हरी चलनाच्या (मालासोबत जाणाऱ्या कागदाच्या) कॉपीने. गेटवरचा निळा इनवर्ड शिक्का, त्यात वॉचमनने पेनाने लिहिलेला गाडी नंबर आणि वेळ, खाली स्टोअरवाल्याची सही. शिवाय माल जाताना ई-वे बिल (जीएसटीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) होतं. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वर माल हलवायला ई-वे बिल लागतं, मग ४ लाख ८० हजारांचा माल "परत" आला तर त्याचं ई-वे बिल कुठे आहे? गाडी कुठली? यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आणि माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असंच कायदा धरतो, त्यामुळे जूनमधल्या ईमेलला तसा काही अर्थ नाही.

थकीत पेमेंटच्या तक्रारीसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज केला, तो फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जातो, आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. व्याज किती, तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दर महिन्याला चक्रवाढ. तेव्हा बँक रेट ६.७५ होता, म्हणजे २०.२५ टक्के. हे व्याज बिलाच्या खाली छापलेलं नसलं तरी लागतं, आणि पीओमध्ये "व्याज देणार नाही" असं लिहून घेतलं असेल तरीही लागतं.

पण हे सगळ्यांना मिळत नाही हो. उद्यम रजिस्ट्रेशन माल देण्याच्या आधीचं पाहिजे, नंतर काढून जुन्या बिलाला लावायला गेलात तर कोर्टात अडकाल. ते फुकट होतं, आधार आणि पॅनवर, एजंटला पैसे देऊ नका. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ट्रेडरला उद्यम नंबर मिळतो पण या व्याजाचा फायदा मिळत नाही. साइटवर माल-मजुरीसकट काम घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर मंडळींनी तर जास्तच जपा, वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही असे मुंबई हायकोर्टाचे निकाल आहेत, त्यामुळे त्यांनी ॲडव्हान्स आणि टप्प्याटप्प्याने पेमेंट हे कामाआधीच लेखी ठरवून घ्यावं.

कौन्सिलची नोटीस गेल्यावर साहेबांचा सूर बदलला. निकाल विरोधात गेला आणि कोर्टात आव्हान द्यायचं झालं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे त्यांच्या वकिलाने सांगितलं असणार. आता म्हणतात मुद्दल घ्या, व्याज सोडा, केस मागे घ्या. म्हटलं ईमेलवर लिहून पाठवा, बघतो. अजून ईमेल आलेला नाही, फोन मात्र रोज येतोय.